लाइट गेली म्हणून वाचलं: लातूरच्या एका फोटो स्टुडिओतल्या रेड-५ चं प्रकरण

मे महिना, लग्नसराई आणि दुपारचे दोन. अशा वेळी गंजगोलाईची बाजारपेठसुद्धा सुस्तावलेली असते. फोन आला तो तिथूनच जवळच्या एका फोटो स्टुडिओतून. मालकांना मी भाऊ म्हणतो, ते मला सर म्हणतात.

"सर, फोल्डरच दिसंनात बघा. सकाळी चारी डिस्का चालू होत्या, लाइटी लुकलुक करायल्या होत्या, पण आत काईच नव्हतं."

"कुणी काही केलं का मशीनला?"

"नाही ओ. भाच्यानं जरा बघितलं फक्त."

या धंद्यात 'जरा बघितलं' हे शब्द डिस्क मेल्यापेक्षा जास्त घाबरवतात.

मशीन म्हणजे जिन्याखालच्या कप्प्यात ठेवलेला असेंबल केलेला पीसी, २०१९ च्या सुरुवातीला मीच बसवून दिलेला. छोट्या एसएसडीवर डेबियन ९ (लिनक्स), जे पुढे अपग्रेड होत ११ वर आलं. डेटासाठी ४ टीबीच्या चार डिस्का लिनक्सवर रेड सांभाळणाऱ्या एमडीअ‍ॅडमच्या रेड-५ मध्ये (चार मिळून एक मोठी डिस्क, त्यातली एक गेली तरी डेटा टिकतो), त्यावर थेट ईएक्सटी४ फाइल सिस्टिम, आणि सांबामधून एडिटिंगच्या तीन पीसींना शेअर. वापरायला मिळणारी जागा १२ टीबी, भरलेली ६.३ टीबी. डिस्का साध्या, डेस्कटॉपच्या. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी रेडवरचा पेपर मांडला तेव्हा आर-ए-आय-डी यातल्या 'आय' अक्षराचा अर्थ 'स्वस्त' असाच होता, त्यामुळे स्वस्त डिस्का घेतल्याचं मला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. रेडमधून डिस्क बाहेर पडली की एमडीअ‍ॅडम मेल पाठवतं, पण तो मेल मशीनबाहेर जायची सोय आपण करून द्यावी लागते. "मेलचं नंतर बघू" असं त्या वेळी मीच म्हणालो होतो.

पोचल्यावर पहिल्यांदा मशीनचं बटण बंदच ठेवलं. चारी डिस्का बाहेर काढल्या, ज्या क्रमानं पोर्टला लावल्या होत्या त्या क्रमानं मार्करनं क, ख, ग, घ लिहिलं आणि सिरियल नंबर वहीत उतरवले. मग भाच्याला शेजारी बसवून चहा मागवला. पोरावर ओरडलं की ते निम्मं लपवतं आणि आपल्याला लागतं ते नेमकं त्या निम्म्यात असतं. याचं मात्र लपवायला काही राहिलंच नव्हतं, कारण एसएसडीवरच्या बॅश हिस्टरीत सगळं ओळीनं लिहिलेलं होतं.

सकाळी शेअर गायब झाला. त्यानं मशीन रीस्टार्ट केलं. रेड 'इनॅक्टिव्ह' दिसायला लागला. यूट्यूबवर कुठल्याशा व्हिडिओत 'क्रिएट' कमांड दिसली, ती यानं क, ख, ग, घ अशा क्रमानं चारी डिस्कांवर चालवली. एमडीअ‍ॅडमनं चारीच्या चारी डिस्कांबद्दल बजावलं की ही आधीच एका रेडचा भाग दिसते, पुढे जायचं का? यानं 'वाय' दाबलं. नवा रेड तयार झाला, रीबिल्ड (बाकीच्या डिस्कांवरून एक डिस्क नव्यानं भरणं) सुरू झालं. माउंट करायला, म्हणजे फाइल सिस्टिम उघडायला गेला तर 'राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक'. पुढची कमांड शोधत असतानाच, रीबिल्डला अकरा मिनिटं झाली होती तेव्हा, लाइट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच बसलेली, त्यामुळे मशीन धाडकन बंद. लाइट आली तोवर भाऊ परतले होते आणि त्यांनी बोर्डाचा स्विचच काढून ठेवला होता.

ही लाइट अकरा मिनिटं उशिरा गेली असती तर दुप्पट नुकसान होतं. दिवसभर न जाता राहिली असती तर हे प्रकरण लिहायला मी बसलोच नसतो.

'क्रिएट' कमांड जुना डेटा पुसत नाही, पण डिस्कच्या सुरुवातीला असलेली रेडची ओळखपाटी पुसून तिथे नवी लावते. कोणती डिस्क कितव्या नंबरची, डेटा कुठल्या सेक्टरपासून सुरू होतो, कोणती डिस्क शेवटची कधी सोबत होती, हे सगळं त्या पाटीवर असतं. पाटी शाबूत असती तर 'असेंबल' आणि 'फोर्स' एवढ्यावर काम भागलं असतं. आता जुनी रचना दुसरीकडून शोधून काढावी लागणार होती.

डेबियन ११ पासून सिस्टिमडीचा जर्नल, म्हणजे मशीनची नोंदवही, रीबूटनंतरही टिकतो, त्यामुळे मागच्या दिवाळीपासूनचे लॉग जागेवर होते. कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, रेड सुरू करताना प्रत्येक डिस्कचा नंबर छापतो. फक्त तो 'एसडीबी', 'एसडीसी' अशा नावांनी छापतो आणि ती नावं केबल हलवली की बदलतात. पण त्याच बूटमध्ये स्मार्टडी हा डिस्कांच्या तब्येतीवर नजर ठेवणारा प्रोग्राम प्रत्येक नावापुढे डिस्कचा सिरियल नंबर लिहितो. दोन्ही ओळी शेजारी ठेवल्या आणि जुना क्रम मिळाला: घ, क, ग, ख. गेल्या वर्षी रंगकामासाठी कॅबिनेट हलवलं तेव्हा केबली उलटसुलट लागल्या होत्या. एमडीअ‍ॅडमला पाटीमुळे त्याचा काही फरक पडला नव्हता, पाटी पुसल्यावर पडला.

त्याच लॉगमध्ये दिवाळीनंतरच्या आठवड्यातली एक ओळ सापडली: डिस्क निकामी, बंद करत आहे, काम तीन डिस्कांवर चालू. ती डिस्क ग. म्हणजे सहा महिने हा रेड तीन पायांवर उभा होता आणि ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आणि ग मेलेली नव्हतीच. स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीचे आकडे ठेवते तिथे, बदललेले सेक्टर शून्य, वाचायचे राहिलेले शून्य, फक्त १९९ नंबरचा आकडा हजारांत. तो आकडा डिस्कचा नसतो, डिस्क आणि बोर्ड यांच्यामधल्या बोलण्यात झालेल्या चुकांचा असतो. सरळ मराठीत, केबल. लाल रंगाची साटा केबल, तिचा क्लिप तुटलेला, बोटानं हलवली की डुलायची.

खरी आजारी होती घ. तिचे १३६ सेक्टर वाचता येत नव्हते. ४ टीबीच्या डिस्कमध्ये १३६ सेक्टर म्हणजे काहीच नाही, पण डेस्कटॉपची डिस्क असा सेक्टर लागला की हट्टाला पेटते आणि दोन-दोन मिनिटं तोच वाचत बसते. लिनक्सचा कर्नल मुळात ३० सेकंदच वाट बघतो. तो लिंक रीसेट करतो, डिस्क तरीही उत्तर देत नाही, आणि रेड तिला बाहेर काढतो. चारांतली एक आधीच बाहेर, आता दुसरी. रेड-५ तिथे संपतो.

लातुरात त्या दिवशी हव्या त्या डिस्का मिळाल्या नाहीत. पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं पार्सल मागवलं: ४ टीबीची एक, घ ची नक्कल करायला, आणि ८ टीबीची एक, निघेल तो माल ठेवायला. सकाळी साडेसहाला अंबाजोगाई रोडवर उभं राहून ते घेतलं.

नक्कल जीएनयू डीडीरेस्क्यूनं. हा प्रोग्राम आधी सोपे भाग उचलतो, अवघड जागा नकाशात मांडून ठेवतो आणि शेवटी तिथे परत जातो. मरणाऱ्या डिस्कला पहिल्याच अवघड जागी झुंजवत ठेवलं की ती तिथेच जीव सोडते. बाहेर ४१ अंश आणि डिस्क ५४ वर. कूलरसमोर डिस्क ठेवायचा मोह झाला होता, पण कूलरच्या हवेत पाणी असतं. टेबल फॅन लावला, ४४ वर आली. पहिला हात दहा तासांत झाला, कोपरे खरवडायला आणखी पाच तास गेले. न वाचलेलं उरलं ८९६ केबी.

यापुढचं सगळं काम खऱ्या डिस्कांवर न करता ओव्हरलेवर केलं. डीएम-सेटअपनं प्रत्येक डिस्कवर एक स्नॅपशॉट थर चढवता येतो: वाचायचं ते डिस्कवरून वाचलं जातं, लिहायचं ते वेगळ्या फाइलमध्ये जातं. भाऊंना सांगितलं, अल्बमच्या फोटोवर बटर पेपर ठेवून त्यावर गिरवायचं, चुकलं तर कागद फेकायचा. माझ्या मते या प्रकारच्या कामात हीच एक पायरी सक्तीची आहे. बाकी अक्कल कमीजास्त असली तरी चालतं, कारण चुकायला मुभा असते.

आता डेटा कुठून सुरू होतो हा प्रश्न. नव्या पाटीवर आकडा होता २६४१९२ सेक्टर. जुना रेड जुन्या एमडीअ‍ॅडमनं बनवलेला, तेव्हा हा आकडा २६२१४४ असायचा, म्हणजे बरोबर १२८ एमबी. ईएक्सटी४ चा सुपरब्लॉक, म्हणजे फाइल सिस्टिमची स्वतःची ओळखपाटी, फाइल सिस्टिमच्या सुरुवातीपासून १०२४ बाइटवर असतो आणि त्याची खूण, '५३ ईएफ' हे दोन बाइट, त्याच्या आत ५६ बाइटवर. म्हणून घ वर १२८ एमबी अधिक १०८० बाइटवर हेक्सडंप (बाइट जसेच्या तसे दाखवणारी कमांड) लावला. '५३ ईएफ' तिथेच बसलेलं होतं. घ पहिल्या नंबरची होती हेही त्यातून पक्कं झालं.

भाच्याच्या रेडला सुपरब्लॉक का सापडला नाही, त्याचंही उत्तर इथेच: डिस्कांचा क्रम चुकला होता आणि वर तो १ एमबी पुढे जाऊन बघत होता. 'बॅड सुपरब्लॉक' वाचलं की जो तो 'बी ३२७६८' लावून बॅकअप सुपरब्लॉक वापरायला सांगतो. माउंट कमांडची ती ओळ म्हणजे सर्दी, ताप, खोकला अशा सगळ्या दुखण्यांसाठी एकच चिठ्ठी आहे. खरं दुखणं कर्नलच्या लॉगमध्ये असतं. इथे सुपरब्लॉकला काहीच झालेलं नव्हतं.

ओव्हरलेवर रेड पुन्हा 'क्रिएट'च केला, पण 'अझ्यूम क्लीन' (सगळं ठीक आहे असं धर) लावून, जुना चंक (एका डिस्कवर सलग जाणारा तुकडा) ५१२ केबी, जुना ऑफसेट (डेटा सुरू होतो तो आकडा), क्रम घ ची नक्कल, क, आणि ग च्या जागी 'मिसिंग', मग ख. हा 'मिसिंग' शब्द महत्त्वाचा. एक जागा रिकामी असली की रीबिल्डच होऊ शकत नाही, आणि सहा महिने शिळी ग हिशेबात येत नाही.

रीड-ओन्ली माउंट केलं. नाही झालं. पण या वेळी लॉगमध्ये कामाचं बोलणं होतं: ६५ हजारांच्या पुढच्या काही ब्लॉक ग्रुपचे (फाइल सिस्टिमच्या कप्प्यांचे) चेकसम, म्हणजे पडताळणीचे आकडे, चुकलेले आणि शेवटी 'गेट रूट इनोड फेल्ड', सगळ्यात वरचा फोल्डर सापडत नाही. म्हणजे फाइल सिस्टिम ओळखीची होती, फक्त तिचा उंबरठाच फुटला होता. तो फुटला त्या अकरा मिनिटांत.

झालं काय ते आडतीच्या वहीवरून सांगतो, भाऊंनाही तसंच सांगितलं होतं. तीन शेतकऱ्यांची सोयाबीनची पोती ४०, २५ आणि ३५, बेरीज १००. कुठलाही एक आकडा पुसला गेला तरी उरलेल्यांवरून तो काढता येतो. रेड-५ एवढंच करतो, बेरजेऐवजी एक्सऑर वापरतो. आता भाच्याच्या कमांडनं चौथी डिस्क, म्हणजे घ, नव्यानं भरायला घेतली आणि त्यासाठी क, ख आणि ग वाचल्या. पण ग वर दिवाळीचं पान उघडं होतं. तिच्या शेतकऱ्याची पोती दिवाळीला २० होती, आज २५. मग १०० वजा ३५ वजा २०, घ वर ४० च्या जागी ४५ लिहिले गेले.

मात्र ज्या शेतकऱ्याचा आकडा दिवाळीपासून बदललाच नाही, तिथे उत्तर बरोबरच आलं. जिथे कुणी हात लावला नव्हता तिथे घ वर जे होतं तेच परत लिहिलं गेलं. आणि त्या चुकीच्या ४५ वरून उलटा हिशेब करून ग चा आकडा काढला तर २० येतो, म्हणजे ग चं दिवाळीचंच पान. थोडक्यात, रीबिल्ड जिथवर पोचलं तिथवर क आणि ख आजच्या, ग दिवाळीची, आणि घ बदललेल्या जागी निव्वळ कचरा. त्यापुढे सगळं ठीक.

जिथवर म्हणजे कुठवर? घ च्या नव्या पाटीवर 'रिकव्हरी ऑफसेट' लिहिलेला असतो: साधारण १३ कोटी ७० लाख सेक्टर, ७० जीबी. डेटाच्या तीन डिस्का धरल्या तर फाइल सिस्टिमचे पहिले २१० जीबी. १२ टीबीत २१० जीबी, आणि त्यातही दिवाळीनंतर बदललेलं तेवढंच. सुपरब्लॉक वाचला तो नव्या ऑफसेटमुळे. रीबिल्ड १ एमबी पुढून सुरू झालं आणि सुपरब्लॉक त्या सुटलेल्या १ एमबीत होता. पोराच्या एका चुकीनं दुसरीला असं झाकलं.

ई-टू-एफएससीके, म्हणजे फाइल सिस्टिम तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, आधी नुसतं 'एन' लावून चालवलं, म्हणजे फक्त सांग, करू नको. सांगणं बरंच लांबलं. मग ओव्हरलेवर 'वाय' लावून सोडलं. दीड तासात संपलं, माउंट झालं, आणि आत एकच फोल्डर: लॉस्ट अँड फाउंड. भाऊ मागे उभे होते. त्यांनी खुर्ची ओढून घेतली.

त्या फोल्डरात मात्र अकरा फोल्डर होते, नावाच्या जागी हॅशचं चिन्ह आणि लांबलचक आकडा. फोल्डरचं नाव फोल्डरमध्ये नसतं, त्याच्या वरच्या फोल्डरच्या यादीत असतं. घर जागेवर आहे, माणसं आत आहेत, फक्त ग्रामपंचायतीच्या नमुना ८ चं पान फाटलंय, असं समजा. सगळ्यात वरची यादी फाटली होती. त्याखालच्या याद्या धड होत्या, त्यामुळे आत शिरलं की सगळी नावं जशीच्या तशी.

पहिला फोल्डर उघडला. आत 'हळद', 'वरात', 'अक्षता', 'अल्बम फायनल २', 'अल्बम फायनल खरंच'. भाऊंनी मांडव बघून सांगितलं, "ही औशाची लग्नं, २०२१. कोरोनातली, बघा की, नवरदेव मास्क लावून बसलाय." अकराच्या अकरा फोल्डर त्यांनी असे वीस मिनिटांत ओळखले आणि भाच्यानं नावं टाकली. मला हे काम दोन दिवस पुरलं असतं.

८ टीबीच्या डिस्कवर आरसिंकनं कॉपी व्हायला अठरा तास लागले. त्यानंतर ८९६ केबीचा शोध. डीडीरेस्क्यूच्या नकाशातले सेक्टर हिशेब करून फाइल सिस्टिमच्या ब्लॉकमध्ये बदलले, डीबगएफएसला विचारलं की हे ब्लॉक कोणत्या इनोडचे (फाइलच्या नोंदीचे) आणि ते इनोड कोणत्या नावाचे. दोन व्हिडिओ क्लिप निघाल्या. एकीत काहीच जाणवत नाही. दुसरीत बँडवाला तुतारी उचलतो तिथे दीड-दोन सेकंद हिरवा पट्टा येतो. भाऊ म्हणाले, तिथे फुलं टाकतो, इफेक्ट वाटेल.

गेलं ते एकच काम. जानेवारीत जुन्या ट्रायलचे फोल्डर उडवून जागा केली होती आणि त्या मोकळ्या जागेत, नेमकी पहिल्या २१० जीबीत, एका बाळाच्या जावळाचे फोटो जाऊन बसले होते. २१४ फोटो, सगळे रॉ. २५ एमबीचा एक फोटो ५१२ केबीच्या पन्नासेक तुकड्यांत चारी डिस्कांवर पसरतो, त्यामुळे एकही फोटो धड नव्हता. वरचा निम्मा मामाच्या मांडीवरचं बाळ, खाली जांभळ्या-करड्या पट्ट्या. कार्डं केव्हाच फॉरमॅट झालेली. लग्नाचं एक वेळ रीशूट म्हणून सांगता येतं, जावळ पुन्हा कसं काढणार? भाऊंनी व्हॉट्सअ‍ॅपवर निवडीसाठी पाठवलेल्या ३८ छोट्या कॉपी घरच्यांच्या फोनमध्ये होत्या. त्यांचा लहान अल्बम करून दिला आणि पैसे परत केले. घरचे बोलले काहीच नाहीत, पण लहान लेकराच्या पहिल्या वाढदिवसाची ऑर्डर दुसऱ्या स्टुडिओला गेली.

मशीन नव्यानं लावलं. रेड-५ च्या जागी मोठ्या दोन डिस्कांचा आरसा (दोन्हींवर एकच माल), आणि ती ८ टीबीची डिस्क दर रविवारी भाऊंच्या घरून येते, कॉपी घेते, परत घरी जाते. डिस्कांना सेक्टरवर ७ सेकंदांपेक्षा जास्त हट्ट करू नका असं स्मार्टसीटीएलनं सांगायचं असतं. यांतली एक ऐकते, दुसरी ऐकत नाही, म्हणून तिच्यासाठी कर्नलची वाट बघायची मुदत १८० सेकंद केली. नवी साटा केबल क्लिपवाली. जुनी लाल केबल भाच्यानं स्वतःच्या टेबलाला टाचून ठेवलीय.

मेलची सोय या वेळी त्याच दिवशी केली. एमडीअ‍ॅडमला 'टेस्ट' लावलं की ते रेडची स्थिती कळवणारा चाचणीचा मेल पाठवतं. रात्री नऊला मी तो पाठवला आणि भाऊंना सांगायचं राहून गेलं. सव्वानऊला त्यांचा फोन. मागे डीजे, वरात चाललेली, ते ओरडून विचारत होते, "सर, मेल आलाय इंग्रजीत. परत गेलं का काय?"